ब्रेकव्हॅनमधला प्रेक्षक

‘आराधना’तल्या त्या गाण्यात शर्मिला टागोर गाडीच्या खिडकीशी बसलेली आहे, ही माहिती आप्पांना सिनेमा पाहून घरी आल्यावर काकूंनी दिली. आप्पांचं सगळं लक्ष गाडीकडे होतं. दार्जिलिंगची छोटी गाडी, दोन फुटांचं गेज. चढावर चाकं घसरू नयेत म्हणून इंजिनाच्या नाकाडावर बसून रुळांवर वाळू टाकणारी माणसं असतात, ती दिसतात का ते आप्पा शोधत होते. पुढे कधीतरी त्यांच्या वाचनात आलं, की त्या गाण्यासाठी शर्मिला टागोर दार्जिलिंगला गेलीच नव्हती. तिची खिडकीतली दृश्यं मागाहून स्टुडिओत घेतली. तेव्हापासून आप्पांचा आपल्या पद्धतीवर कायमचा विश्वास बसला. “जी तिथे नव्हतीच तिच्याकडे तुम्ही सगळे टक लावून बसलात. गाडी होती. मी गाडी बघितली.”

आप्पा पश्चिम रेल्वेवर मालगाडीचे गार्ड होते. हल्ली गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. रेल्वेने हे नाव २०२२ साली बदललं. आप्पा त्याच्या आधीच निवृत्त झाल्यामुळे मॅनेजर व्हायचे राहिले, आणि काकू त्यांना ते विसरू देत नाहीत. मालगाडीच्या अगदी शेवटी जो डबा असतो तो ब्रेकव्हॅन. आप्पांच्या काळात त्यात पंखा नाही, दिवा नाही, सोबतीला झेंड्या, हातदिवा आणि डबा. काम असं, की गाडी वळणावर आली की दोन्ही अंगांनी वाकून अख्खी गाडी नजरेखालून घालायची. कुठे धूर निघतोय का, कुठला अ‍ॅक्सल तापलाय का, खाली काही लोंबतंय का. स्टेशन आलं की झेंडी दाखवून ऑल राइटची देवाणघेवाण. ज्या माणसाला सरकारने उभ्या नोकरीत लांबचं आणि मागचं बघण्याचाच पगार दिला, तो हिरॉइनच्या पापणीवरचा थेंब कशाला बघेल?

बोईसर सुटलं की वाणगाव, मग डहाणू रोड. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली आणि आमच्या वाणगाव स्टेशनला मुंबईकरांच्या नकाशात जागा मिळाली. त्याआधी मुंबईला आमची ओळख मिरचीची. आप्पांची स्टेशनच्या पूर्वेला थोडी वाडी आहे, तिच्यात मिरची आणि कडेला चार चिकू. संध्याकाळी ओटीवर खुर्ची टाकून ते बसतात ते रस्त्याकडे तोंड करून नव्हे, रुळांकडे. जाणाऱ्या मालगाडीचा शेवटचा डबा नजरेआड होईपर्यंत त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसतो. गप्पा मारणाऱ्यालाही आता सवय झाली आहे. गाडी आली की वाक्य अर्ध्यावर ठेवायचं, डबे संपले की तिथूनच उचलायचं.

थिएटरात आप्पा शेवटच्या रांगेतलं तिकीट काढतात. “तिथून गाडी पूर्ण दिसते.” त्यांच्या हिशेबी थिएटर ही गाडीच. सिनेमाची गोष्ट त्यांना सांगता येत नाही, पण गोष्टीच्या मागे काय चाललं होतं ते तोंडपाठ असतं. ‘शोले’तली मालगाडीवरची मारामारी पनवेलजवळ घेतली, हे त्यांना ठाऊक आहे. डाकू तुटून पडले तेव्हा गार्डाने नियमाप्रमाणे लाल झेंडी दाखवली का, ही चौकशी १९७५ पासून कोणी केलेली नाही, अशी त्यांची तक्रार आहे. मालिकेतली सून रडत असली तर आप्पा तिच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचतात. “जून महिना लावलाय, आणि ही म्हणते भाऊबीज.” स्वयंपाकघरात सासू कारस्थान शिजवत असते तेव्हा आप्पांना शेगडीची नळी सिलिंडरला जोडलेलीच नाही हे दिसतं. काकू मालिका बघतात, आप्पा मालिकेची तपासणी करतात. दोघांचं चांगलं चाललं होतं.

आणि मग मालिकेतलं कॅलेंडर धूसर झालं.

इथे थोडी तांत्रिक भानगड सांगावी लागेल, कारण पुढच्या भांडणात ती लागणार आहे. २००८ साली कॅननचा फाइव्ह डी मार्क टू नावाचा फोटो काढायचा कॅमेरा आला आणि तो चक्क व्हिडिओही घेऊ लागला. त्यातला सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. त्याआधी आमच्याकडे लग्नात जे खांद्यावरचे व्हिडिओ कॅमेरे यायचे, त्यांतल्या कितीकांचा सेन्सर जेमतेम पाच-सहा मिलिमीटर रुंद. चौकट तीच ठेवली तर सेन्सर जितका लहान, तितकं पुढचं-मागचं सगळं एकदम स्पष्ट. सेन्सर मोठा घ्या, त्याला पन्नास एमएमची लेन्स लावा, तिचं भोक १.८ पर्यंत सताड उघडा आणि माणसाला दीड मीटरवर उभा करा. स्पष्ट दिसणारा पट्टा उरतो साधारण दहा सेंटिमीटरचा. नाकाचा शेंडा स्पष्ट धरला तर कान लागेपर्यंत जग संपलं. कानामागे जे काही आहे, बायको असो की ताजमहाल, त्याचे नुसते रंग राहतात.

पूर्वी इतकी धूसरता दुर्मीळ होती. स्टॅन्ली कुब्रिकने १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मध्ये मेणबत्तीच्या उजेडात दृश्यं घेण्यासाठी झाइस कंपनीने नासासाठी बनवलेली ०.७ ची लेन्स वापरली, आणि पट्टा इतका पातळ झाला की नटांना जागचं हलायची पंचाईत. आता तीच मौज मोबाइलमध्ये आली आहे, पण उलट्या रस्त्याने. मोबाइलचा सेन्सर इवलासा, त्यामुळे त्याला मुळात सगळंच स्पष्ट दिसतं. मग आतला संगणक हिशेब करून माणसाच्या मागचं पुसतो. हे मी आप्पांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी खात्री करून घेतली. “म्हणजे आधी सगळं नीट दिसतं, आणि ते बिघडवायला लोक जास्त पैसे मोजतात?”

त्यांच्या मिरचीचं पीक एका वर्षी फार चांगलं आलं होतं. शेतीच्या पानावर छापायला म्हणून कोणीतरी त्यांचा मोबाइलवर फोटो काढला. आप्पा पुढे, मिरची मागे. फोटोत आप्पांच्या मिशीचा केस न् केस मोजता येत होता, डावा कान अर्धा गायब होता आणि मिरचीचा नुसता हिरवा धूर. आप्पांनी फोटो छापू दिला नाही. “बाजारात कोणाला विकायचंय? मला की मिरचीला?”

पण आप्पांचा खरा शत्रू मोबाइल नव्हे. तो शेजारच्या घरात राहतो. त्याला अख्खं गाव डीओपी, म्हणजे डायरेक्टर ऑफ फोटोग्राफी, म्हणतं, कारण त्याने गाडीच्या मागच्या काचेवर तसं लिहून घेतलं आहे. त्याचे वडील डाय करणारे. आमच्या चिंचणी-वाणगाव-डहाणू पट्ट्यात हा घरचा धंदा. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने नक्षी कोरायची. सोनार त्यावर पत्रा ठेवून दाबतो आणि फूल उठतं. अंगठ्याच्या नखाएवढ्या पाकळीवर एक अख्खी सकाळ जाते. या माणसाला वीतभर अंतरापलीकडचं जग लागतच नाही. आप्पांनी एकदा कुंपणावरून ओरडून सांगितलं, की तुमची गाय माझ्या मिरचीत शिरली आहे. डायवाल्यांनी मान वर न करता विचारलं, “किती मिलिमीटर?” पुढे मशिनं आली, हाताचं काम कमी झालं आणि पोराने ठोकळा ठेवून कॅमेरा उचलला. नजर मात्र बापाचीच राहिली. त्याला नवरीची नथ दिसते, नथीतला मोती दिसतो, मोत्यातली स्वतःची सावली दिसते. नवरी दिसते की नाही याबद्दल मला शंका आहे.

एका बाजूला गार्ड, दुसऱ्या बाजूला डाय. मधे कुंपण. अशा ठिकाणी आप्पांच्या पुतणीच्या लग्नाचं शूटिंग शेजारधर्म म्हणून डीओपीला मिळालं.

लग्न नीट पार पडलं. व्हिडिओ बघायचा कार्यक्रम आप्पांच्या ओटीवर ठेवला होता. मोठा टीव्ही बाहेर आणला, सतरंज्या घातल्या. पाहुणे मुद्दाम थांबलेले. उंबरगावची आत्या, केळव्याची मामी, बोईसरच्या कारखान्यातून दुसरी पाळी बुडवून आलेले भाऊसाहेब. प्रत्येक जण आपण कधी दिसतो याच्या तयारीत. आत्याने तर लग्नातलीच साडी पुन्हा नेसली होती, पडताळणी सोपी जावी म्हणून.

सुरुवात एका थेंबाने झाली. थेंब पानावरून घरंगळला, त्याला पुरता अर्धा मिनिट लागला. मग मेंदीतलं एक अक्षर. मग समईची ज्योत. मग नथ. नथीमागे मोठमोठे सोनेरी गोळे तरंगत होते. डीओपीने हळूच सांगितलं, ते मांडवातले दिवे. गोळ्यांमधून एक नारंगी ढग डावीकडून आला आणि विरून गेला.

“ती मी,” आत्या म्हणाली.

“वन्सं, नारंगी माझी होती. तुमची शेंदरी,” मामी म्हणाली.

वाद वाढला. व्हिडिओ मागे नेला. नारंगी ढग पुन्हा आला, पुन्हा विरला. ना नाक, ना डोळे, ना दागिना. आत्याने साडीचा पदर टीव्हीला लावून रंग जुळवला. मामीने साडी केळव्याला ठेवली होती, त्यामुळे तिची बाजू लंगडी पडली आणि ती रुसून माजघरात गेली.

अशा वेळी आप्पा उठून टीव्हीजवळ गेले. रात्रीच्या अंधारात अर्ध्या मैलावर दिवा कसा हलतो, त्यावरून तिकडचा माणूस काय सांगतोय हे ओळखण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी चेहरे शोधलेच नाहीत, चाल पाहिली. “हा हिरवा. डावीकडून उजवीकडे, न थांबता, कोणाशी न बोलता. पंगतीकडे निघालाय. भाऊसाहेब.” भाऊसाहेबांनी मान खाली घातली. “हा पांढरा वाकला, उठला, परत वाकला. चपला शोधतोय. हा गुरुजींचा मुलगा, त्याच्या चपला दरवेळी जातात. आणि ही नारंगी,” आप्पा थांबले, “ही थांबून मागे वळली. पुन्हा थांबली. पुन्हा वळली. हिला आपली पर्स कुठे ठेवली ते आठवत नाहीये.” सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. पर्सचा किस्सा मांडवभर झालाच होता. मामीला माजघरातून परत बोलावून निकाल कळवण्यात आला.

मुहूर्ताचा क्षण आला. अंतरपाटाच्या विणीतला धागा न् धागा मोजून घ्यावा इतका स्वच्छ. अंतरपाट खाली आला आणि कॅमेरा गडबडला. इतका वेळ त्याने ज्या कापडाला धरून ठेवलं होतं तेच नाहीसं झालं. तो पुढे गेला, मागे आला, आणि शेवटी भटजींच्या कानावर स्थिरावला. भटजींचा कान, त्यावरचे केस, कानाला अडकवलेलं जानवं. मागे दोन धूसर आकृत्यांनी एकमेकींच्या गळ्यात काहीतरी घातलं.

“हा फोकस शिफ्ट आहे,” डीओपी म्हणाला.

“शिफ्ट नाही, ड्युटी चुकली,” आप्पा म्हणाले.

सगळे वऱ्हाडी स्पष्ट दिसले असं एकच दृश्य त्या अख्ख्या व्हिडिओत होतं. ते ड्रोनने घेतलेलं होतं, आणि त्यात सगळे टाळूच्या बाजूने होते.

भांडण खरं पेटलं ते पाहुणे गेल्यावर. डीओपीचं म्हणणं सरळ होतं. “आप्पा, सिनेमॅटिक लूक म्हणतात याला. माणसाने कुठे बघायचं ते मी ठरवतो. मागची गर्दी दिसली की लक्ष उडतं.” आप्पांचं म्हणणं त्याहून सरळ होतं. “का ठरवतोस? मी तिकीट काढलंय.” आणि मग त्यांनी लग्नाच्या व्हिडिओचं जे शास्त्र सांगितलं, ते मला आजवर कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. लग्नाचा व्हिडिओ नवरा-नवरीसाठी नसतो. ती दोघं एकमेकांना रोज बघणारच आहेत. तो असतो कोण आलं, कुठे बसलं, कोणाशेजारी बसायचं टाळलं, यासाठी. आप्पांच्या धाकट्या भावाच्या लग्नाची जुनी व्हीएचएस कॅसेट घरात आहे. हॅलोजनच्या झगझगीत उजेडात कॅमेरावाला पंगतीतून फिरतो आणि प्रत्येक जण घास लपवतो. पानावरची जिलेबी स्पष्ट, आठव्या पानावरची जिलेबीही स्पष्ट, आणि त्यामागे भिंतीला टेकून भांडणारी दोन माणसंही स्पष्ट. त्या कॅसेटमध्ये मागे वाढायला उभ्या असलेल्या मुलींवरून पुढे दोन सोयरिकी जुळल्या आणि एक मोडली. “तुझ्या व्हिडिओवरून,” आप्पा म्हणाले, “फार तर भटजींच्या कानाचं लग्न जुळेल.”

डीओपीने एक आशा धरली होती, की आप्पांना मोतीबिंदू असावा. तपासणीत निघालाही. ऑपरेशन झालं. डोळ्यात बसवलेली लेन्स एकाच अंतरासाठीची, आणि ती बहुतेकांना बसवतात तशी लांबच्या नजरेची. आता आप्पांना जवळचं वाचायला चष्मा लागतो आणि वाडीच्या टोकाला बसलेला बुलबुल डोळे मिटूनसुद्धा दिसतो. डीओपीचं दुर्दैव.

माझ्यावर या दोघांत मध्यस्थी करायची वेळ आली, ती मी सिनेमे दाखवून केली. ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’, १९४१ चा, कॅमेरा ग्रेग टोलँडचा. घरात टेबलाशी बसून मोठी माणसं एका पोराचं भवितव्य कागदावर उतरवताहेत, आणि मागे खिडकीतून तेच पोर बर्फात खेळताना स्पष्ट दिसतंय. आंद्रे बाझाँ नावाच्या फ्रेंच समीक्षकाने अशा चौकटींची मोठी वाखाणणी केली. त्याचं म्हणणं, इथे प्रेक्षकाला कुठे बघायचं याचं स्वातंत्र्य मिळतं. आप्पांनी बाझाँचं नाव ऐकून मान हलवली, पण त्यांचं टिपण त्याच्याही पुढचं होतं. “पोर धूसर केलं असतं ना, तर सही करणाऱ्यांना सोपं गेलं असतं. बघणाऱ्यांनाही.”

मग नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’. शेवटी जब्या आणि त्याच्या घरचे डुक्कर काठीला बांधून नेतात आणि मागच्या शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई रंगवलेले आहेत. आप्पांनी तिथे टीव्ही थांबवला आणि डीओपीला कुंपणावरून हाक मारून बोलावलं. “ये. ही भिंत पूस.” डीओपी टीव्हीसमोर बराच वेळ उभा राहिला आणि ‘नाही पुसता येणार’ एवढं म्हणाला. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ आप्पांना इतका आवडला, की त्यांनी तो सलग दोनदा पाहिला. कॅमेरा लांब उभा, हलत नाही, वकील पुढे बोलताहेत आणि मागे बाकांवर आपापल्या तारखेची वाट बघत बसलेली माणसं. खटला काय होता ते आप्पांना नीट सांगता येत नाही. मागच्या बाकावर कोण कंटाळलं होतं ते सांगतात.

हे जमल्यावर आप्पांना जोर चढला आणि त्यांनी वारली चित्रं काढली. म्हणजे मुद्द्यात काढली. आमच्या डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रात तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती फेर धरलेली माणसं, झाडावर चढलेला, खाली उतरणारा, कोंबडी, मुंग्या, सगळं सारखंच ठळक. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची रेघ. जवळचं मोठं आणि लांबचं पुसट, ही भानगडच नाही. “लग्नाचा चौक काढतात त्यातसुद्धा पाहुणे स्पष्ट असतात,” आप्पा गरजले. डीओपी म्हणाला, “आप्पा, त्यांच्याकडे लेन्स नव्हती.” इथे मला डीओपीचं पटलं. वारली चित्रकाराने काही धूसर करायचं नाकारलेलं नाही, त्याच्यापुढे तो पर्यायच नव्हता. कॅमेऱ्यापुढे तो असतो, म्हणून त्याचा जाब विचारता येतो.

आणि जाब विचारायला जागाही आहे. प्रत्यक्षात आपल्या डोळ्यालाही एका वेळी एकाच अंतरावरचं स्पष्ट दिसतं. पण मागे काय आहे असं मनात आलं की नजर तिकडे जाते आणि मागचं स्पष्ट होतं. हे इतकं झटकन होतं, की जग कधी धूसर होतं हे आपल्याला कळतही नाही. पडद्यावर तसं होत नाही. तुम्ही मागच्या माणसाकडे पाहता, डोळे बारीक करता, आणि तो ढगच राहतो. आप्पांच्या शब्दांत, “मी बघतोय आणि मला दिसत नाही, हा काय प्रकार?” काही वेळ डोळा झगडतो, मग दमतो, मग मुकाट्याने दिग्दर्शकाने नेमून दिलेल्या नथीकडे बघत बसतो. दर चौकटीत हेच झालं की प्रेक्षक मागे बघायचंच सोडून देतो. काकूंचं तसं झालंय. त्यांना मालिकेत आता कॅलेंडर असतं हेच आठवत नाही.

पण सगळी धूसरता लबाड नसते, हेही आप्पांना दाखवणं भाग होतं. म्हणून एका रात्री ‘सन ऑफ सॉल’ लावला. लास्लो नेमेश या हंगेरीच्या दिग्दर्शकाचा २०१५ चा सिनेमा. ऑशविट्झच्या छळछावणीत प्रेतं वाहण्याचं काम करायला लावलेल्या एका कैद्याची गोष्ट. कॅमेरा त्या माणसाच्या चेहऱ्याला आणि पाठीला चिकटून चालतो. मागे जे चाललंय ते धूसर, पण आवाज मात्र सगळे स्पष्ट. मला वाटलं, आप्पा पाच मिनिटांत उठतील. ते उठले नाहीत. मधे मालगाडी गेली, तिकडेही पाहिलं नाही. सिनेमा संपल्यावर म्हणाले, “ह्याने काही लपवलेलं नाही. त्या माणसालाच मागे बघवत नव्हतं.” मग चष्मा पुसून त्यांनी डीओपीचा विषय काढला. “ह्याला काय धाड भरली होती? आमच्या मांडवात असं काय होतं की बघवू नये?”

हा प्रश्न मी कुंपणापलीकडे जसाच्या तसा पोचवला. डीओपी दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, लेन्सचं भोक बारीक करून आठ नंबरवर आणतो. आठ नंबरवर त्याच दीड मीटरवरचा पट्टा दहा सेंटिमीटरवरून चाळीसच्या वर जातो, आणि चार पावलं मागे सरून मोठी चौकट धरली तर जवळजवळ अख्खा मांडव त्यात बसतो. आप्पा खूश झाले. पण भोक बारीक केलं की उजेड कमी येतो. १.८ वरून ८ वर आलात तर साधारण विसावा हिस्सा उरतो. कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवून तो भरून काढावा तर चित्रावर रवा सांडल्यागत दाणे येतात. म्हणजे मांडवात उजेडच वाढवायला हवा. म्हणून हॅलोजन परत आले. हॅलोजनसाठी जनरेटर आला. देशातली पहिली अणुवीज १९६९ पासून आमच्या शेजारी तारापूरला तयार होते, आणि मांडवामागे डिझेल जळतंय, हेही आता व्हिडिओत मागे स्पष्ट दिसतं. दाखवणारे अर्थात आप्पाच.

डीओपीच्या दरपत्रकात आता दोन ओळी आहेत, ‘सिनेमॅटिक’ आणि ‘आठ नंबर’. डिझेलमुळे आठ नंबर महाग पडतो. तरुण मुलं पहिलं मागतात. पैसे देणारे वडील आणि काका दुसरं ठरवतात. त्यामुळे चालतो दुसराच. डीओपी तक्रार करत नाही. नवरीच्या नथीसाठी त्याने एक जुना कॅमेरा १.८ वर वेगळा ठेवला आहे आणि गर्दीत कोणाचं लक्ष नसलं की तो हळूच बाहेर काढतो. आप्पांचं असतं.

तेव्हा तुळशीच्या लग्नानंतर वाणगावात तुम्हाला कोणाकडचं बोलावणं आलं, तर आहेराच्या आधी व्हिडिओ किती नंबरचा आहे ते विचारून घ्या. सिनेमॅटिक असेल तर नवरीच्या कानाच्या रेषेत उभे राहा, एक पाऊलही मागे सरू नका, आणि साडी शेजारणीपेक्षा वेगळ्या रंगाची नेसा. आठ नंबरचा असेल तर कुठेही उभे राहा. फक्त पंगतीत तोंड मिटून चावा, ज्याच्याशी अबोला आहे त्याच्यापासून दोन खुर्च्या लांब बसा, आणि हॅलोजनचा घाम पुसायला रुमाल दोन आणा.